छान झालं, सर

सर,

तुमच्यावर माझा विश्वास नव्हता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो पुरता बसलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

तेल्हाऱ्याजवळच्या त्या शाळेत तुम्ही हेडमास्तर आणि मी तिसरीची बाई. कापसाचे दिवस वाईट होते. एकेक घर कुलूप लावून कामाला बाहेर जात होतं आणि माझा वर्ग रिकामा होत होता. पट उतरला की एक शिक्षक जास्तीचा ठरणार, मग त्याला जिल्ह्यात कुठंही टाकणार, याची स्टाफरूममध्ये रोज चर्चा. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. नेमकी त्याच दिवसांत नवीन पद्धत आली. फळ्यावरून उतरवून घेणं बंद, पोरांनी हाताळून, बोलून शिकायचं. आणि तुम्ही रोज माझ्या वर्गात मागच्या टाटपट्टीवर मांडी घालून बसायला लागलात. माझ्याच, बाकीच्यांच्या नाही. तुम्ही काही लिहून घेत नव्हता, याचीच मला जास्त भीती वाटायची.

एकदा मी विचारलंच, "सर, माझं काही चुकतं का?"

"नाही बाई. मले हे नवीन येत नाही. तुमाले थोडंथोडं जमून राहिलं, म्हणून पायतो."

हेडमास्तर असं बोलतो का कुठं? मी ते वाक्य घरी नेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी म्हणाले, "गोड बोलून राहिले म्हणजे तुमचाच नंबर." मला ते लगेच पटलं.

मग एक दिवस तुम्ही स्वतःच तास घेतलात आणि मला मागे बसवलंत. डब्यात सरकी आणली होती. पोरांचे गट केलेत, प्रत्येक गटापुढे सरकीचे बारा दाणे ठेवलेत, म्हणालात, "चौघांत सारखे वाटा." पहिल्या गटातल्या पोरी वाटायला लागतात न लागतात तोच तुम्ही म्हणता, "तीन आले ना? तीन!" पुढच्या गटात तेच. एका पोट्ट्यानं दाणा तोंडात टाकला, सगळे हसले, घंटा झाली. तुमचा सदरा पाठीला चिकटला होता.

व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, "सांगा बाई, कुठं बिघडलं?"

"छान झालं, सर."

"छान नोका सांगू. बिघडलं कुठं, थे सांगा."

"खरंच छान झालं."

हेडमास्तरची चूक काढायची आणि मग जास्तीच्या शिक्षकांच्या यादीत आपलं नाव शोधायचं, इतकी भोळी मी नव्हते. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि ऑफिसात गेलात. त्यानंतर माझ्या वर्गात कधी बसला नाहीत. यादी आली, त्यात आपल्या शाळेतलं कुणाचंच नाव नव्हतं. तुम्ही अकोल्याला जिल्हा परिषदेत खेटे घातलेत म्हणून, की पट कसाबसा टिकला म्हणून, कोण जाणे. मी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वारलात.

आता मी अचलपूरला मुख्याध्यापिका आहे. पुन्हा नवीन पद्धत आली आहे. गेल्या आठवड्यात एका नव्या शिक्षिकेला मागे बसवून मी तास घेतला. तो फसला, एवढं मला कळत होतं. बाहेर आल्यावर विचारलं, "कुठं बिघडलं?"

"छान झालं, मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. मॅडमच्या मनात काहीतरी वेगळंच आहे, असं तिला वाटत असणार. फार राग आला मला तिचा, आणि मग तुमचा तो डबा आठवला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून आता लिहिते. सर, तुम्ही थांबत नव्हता. पोरीच्या हातातला दुसरा दाणा खाली पडायच्या आत तुम्ही उत्तर सांगून टाकत होता. बाकी तास चांगला होता. मला ते त्याच दिवशी दिसलं होतं.

मीही थांबत नसेन बहुतेक. पण मला ते कोण सांगणार?