आईच्या हाका

देलांगू,
१४ मार्च १९७६

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि मुलांना सलाम. इकडे भात कापून झाला. पाऊस लांबला म्हणून दाणा काळा पडलाय, पण खाण्यापुरता होईल. तुझी जुनी सायकल मीच वापरते.

आई अजून दवाखान्यातच आहे. यंदा तिनं शेतात पान मांडलं नाही.

गेल्या सुगीला तू आला होतास. आईनं रीतीप्रमाणे बांधाच्या कोपऱ्यावर केळीच्या पानात भात, अंडं, फुलं मांडली. आधी भाताच्या देवीला, स्री मातेला, मग वरच्या देवाला, सांग ह्यांगला, शेवटी सगळ्यांच्या धन्याला, गुस्तीला हाक मारली. शेजारी जेवायला थांबले होते. सगळ्यांदेखत तू पान उचललंस आणि म्हणालास, "देव एक, त्याचं नावही एकच. बाकी सगळं पाप." लोक न जेवता गेले. तो भात तिनं कोंबड्यांना घातला.

तेव्हापासून तिनं कुठलंच नाव घेतलं नाही. तू सांगितलेलंही नाही. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "सगळ्या हाका चुकल्या असतील, तर तुझा बाप वाचावा म्हणून मी रडत होते ना पोरी, तेव्हा ऐकत कोण होतं?"

तुला याचं उत्तर सुचतं का? गारुतला तुझ्या सासूबाई चूल पेटवताना त्यांच्या सुंदी बोलीत देवाला 'पांगेरान, पांगेरान' म्हणून हाका मारतात आणि तू मुकाट चहा पितोस. वहिनीनंच सांगितलंय. फार राग येतो रे.

दवाखान्यात बाली बेटावरची एक नर्स आहे, लुह सुकेर्ती. अंथरूण बदलताना 'ह्यांग विधी' असं तिच्या देवाचं नाव पुटपुटते. आईनं तिचा हात धरला. म्हणाली, "बाई, माझ्यासाठीही तूच देवाला सांग. तुला कोणी रागावलेलं नाही." मी बाहेर जाऊन रडले.

देवाला कुठल्याही नावानं हाक मारली तर चालेल, एवढंच तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझं ती मानत नाही, मी कुठे शिकलेली! म्हणून तार केली. तुझं उत्तर आलं: रजा नाही, प्रार्थना करतोय.

आज डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. हे पत्र पोचेपर्यंत ती नसेल. तोंड मिटूनच जाईल. तरी लिहितेय, कारण आता नाव घ्यायची मलाही भीती वाटते, दादा. मी हाक मारावी असं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, आणि तू काही येत नाहीस.

तुझीच,
सुतिनी