जिंजर बिअरची मागची बरणी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं पोचतील, दोन्ही गुडघ्यांना डॉक्टरांनी जमिनीपर्यंत जायची मनाई केली आहे.) तुझी दाढ आता कशी आहे? गेल्या कार्डावर तू ‘ठीक’ एवढा एकच शब्द लिहिला होतास. तो दाढेबद्दल होता की एकूणच आयुष्याबद्दल, यावर तुझ्या भावजयीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे ती बरी आहे. माझं काय ते पुढे येईलच. वाचून झाल्यावर मला वेड लागलंय असं तुला वाटलं तर तसं बेलाशक लिही, पण दोन ओळींपेक्षा जास्त लिही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा मी पानभर भटकेन आणि मुद्दा पाकिटाबाहेर राहील. आपल्या कोठीच्या खोलीत एक बरणी आहे. ती मी येत्या रविवारी मोरीत ओतून टाकणार आहे, कारण मला तिची भीती वाटते. पण बरणी आईची आहे, आणि आईच्या वस्तूंवर तुझाही हक्क आहे. म्हणून ओतण्याआधी तुला विचारतो आहे.

आई गेल्यावर घरातली बाकीची कामं आपोआप याच्या-त्याच्या अंगावर पडली. तिची जिंजर बिअर मात्र मी हौसेने मागून घेतली. म्हटलं, त्यात आहे काय? आल्याचं विरजण बरणीत तयारच असतं. रोज दुपारी सव्वाचारला त्याला एक चमचा साखर आणि एक चमचा किसलेलं आलं भरवायचं, रविवारी निम्मं काढून लिंबू-साखरेच्या पाण्यात मिसळून बाटल्या भरायच्या, उरलेलं निम्मं पुढे चालू. (‘भरवायचं’ हा आईचाच शब्द. बरणीत ‘घातलं’ म्हटलेलं तिला खपत नसे.) तीस वर्षं मी लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतो आहे, दोन चमच्यांचा हिशेब मला जड जाऊ नये. पहिल्याच रविवारी बारा बाटल्या भरल्या. बुधवारी त्यातल्या पाच फुटल्या. एकीचं बूच सुसाट माझ्या कामाच्या खोलीत आलं आणि औषधवाल्याच्या नाजूक काट्याचं डावं पारडं उडवून खिडकीतून पसार झालं. औषधवाला समोरच बसला होता. त्याने शांतपणे चष्मा पुसला, ओलं बोट चाटून पाहिलं आणि आलं किंचित कमी पडलंय असं मत दिलं. पुढच्या रविवारी मी साखर निम्मी केली, तर सात फुटल्या. त्याच्या पुढच्या रविवारी बाटल्या जुन्या रजईत गुंडाळून ठेवल्या. आता ती रजई साखरेच्या पाण्याने कडक होऊन आपली आपण उभी राहते.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं मी पाठ भिंतीला लावून लिहितो आहे.

कोठीत बरण्या दोन आहेत. पुढच्या फळीवर मी भरवतो ती. आणि मागच्या फळीवर, पिठाच्या डब्याआड, अगदी तशीच दुसरी. तसंच फडकं, तशीच दोरी, तशीच गाठ. आई तिच्याबद्दल मला कधी काही बोलली नव्हती. मी समजलो, जादाची असेल. एका विरजणाचे चोचले मला पुरेत, असं म्हणून मी तिला काहीच भरवलं नाही. आठ-दहा दिवसांत आपोआप मरेल, मग घासून लोणच्याला होईल, असा माझा साधा विचार. ताई, चार महिने झाले. ती मेलेली नाही. तिच्यावरचं फडकं हळूच वर येतं, थोडं थांबतं आणि खाली बसतं. मी बाजूला उभा राहिलो तर माझाही श्वास त्याच चालीवर जायला लागतो, आणि हे ध्यानात आलं की मला खोलीबाहेर पडावंसं वाटतं.

आता माणूस ज्या धंद्यातला, त्याच धंद्याने तो घाबरतो. मी ती बरणी काट्यावर ठेवली. रोज दुपारी चारला वजन घ्यायचं आणि वहीत टिपायचं, असा नेम केला. न भरवलेल्या विरजणातून वायू निघून जातो. त्याचं वजन रोज दोन-तीन ग्रॅमने उतरायला हवं. ही बरणी रोज सुमारे वीस ग्रॅमने चढत होती. एक चमचा साखर आणि एक चमचा आलं, यांचं वजन मी वेगळं करून पाहिलं. बरोबर तेवढंच भरलं. मग मी काट्यावरच संशय घेतला (माझ्यासारख्याने काट्यावर संशय घेणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको), प्रमाण वजनं लावून तो तीनदा तपासला. काटा निर्दोष. आणि याहून वाईट पुढे आहे. रविवार उलटला की सोमवारी बरणीतल्या विरजणाचं वजन निम्मं झालेलं असायचं. म्हणजे कोणीतरी तिला नुसतं भरवत नव्हतं, रीतसर रविवारही पाळत होतं.

तुझ्या भावजयीला विचारलं, तर ती म्हणाली, तुम्ही जरा फिरायला जात जा.

त्यात तो आवाज. आईला काही अवघड बोलायचं असलं की ती आधी खाकरायची, आठवतं ना? बहुतेक वेळा नुसतं खाकरायची आणि पुढचं बोलायचीच नाही. तेच खाकरणं मागच्या बरणीतून येतं. सव्वाचारला मी पुढच्या बरणीत चमचा बुडवला की पाठीमागून एकदाच, बारीक, घसा साफ केल्यासारखं. मला भास होतात असं म्हणशील, तर औषधवाल्याचं ऐक. परवा तो पारडं न्यायला आला होता. बोलता बोलता मध्येच थांबला, आतल्या दाराकडे पाहिलं, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन हजर. ‘आतल्या बाईंना दिवसातून तीनदा द्या,’ म्हणाला. मी विचारलं, बाईंना म्हणजे कोणाला? तर म्हणतो, ‘खोकला वयस्कर बाईमाणसाचा आहे, आम्हाला कळतो.’ औषध मी ठेवून घेतलं आहे. कोणाला पाजायचं ते कळत नाही.

शेवटी मी कोठीच्या दाराला सील ठोकलं. काट्यांना मारतो तसंच. कडीतून तार ओवली, शिसं दाबलं, वर माझा ठसा. पुढच्या बरणीला भरवायला रोज ते स्वतः तोडायचं, बाहेर पडताना नवं मारायचं. सोमवार ते शनिवार सहा सीलं मारली. त्यातले मंगळवार ते गुरुवार तर घरात मी एकटाच होतो. तुझी भावजय तिच्या बहिणीकडे गेली होती आणि बाहेरच्या दाराला आतून कडी होती. सहाही दिवस सील जागच्या जागी, ठसा जशाचा तसा. सहाही दिवस बरणी वीस ग्रॅमने जड. गुरुवारी फडक्याची गाठ हाताला ओली लागली. मी त्या संध्याकाळी काम बंद ठेवलं आणि बागेत जाऊन अनोळखी माणसांजवळ बसून राहिलो.

मला ही भीती का वाटते, ते लिहायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागेल. हे पान तू इथेच मिटू नयेस, एवढी विनंती. तुझं बाळ जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि तू इथे राहायला आली होतीस. मावशीच्या आजारपणासाठी आई पंधरा दिवस गेली, ती विरजण तुझ्यावर सोपवून. तिने लग्नाआधीपासून जपलेलं विरजण. तू तेव्हा स्वतःच जेवत नव्हतीस, बरणीला कुठून भरवणार? आणि मी त्याच घरात होतो. मलाही चमचा धरता येत होता. आई परतली तेव्हा बरणीच्या तळाला नुसता तपकिरी थर चिकटलेला होता. बरणी हातात धरून ती जे म्हणाली ते पुन्हा लिहू नये, पण लिहितो, कारण इतकी वर्षं तू ते एकटीच ऐकत बसली असशील. ‘तुझ्या हातात काही जगत नाही.’ दुपारच्या बसने तू गेलीस. मी तिथेच होतो, ताई. समोरच्या काट्याची पारडी आधीच सरळ होती, तरी मी मान खाली घालून ती सरळ करत राहिलो. त्याबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. आता मागतो.

त्यानंतर आईने नवं विरजण लावलं, ते पुढच्या फळीवरचं. तुझं नाव ती घ्यायची नाही. तुझं कार्ड आलं की खाकरायची आणि पाणी प्यायला उठायची. तेव्हा माझी अशी खात्री झाली आहे की मागच्या बरणीत जे काही वर-खाली होतं तो तिचा राग आहे. माणूस गेलं तरी त्याचा राग घरात चढत राहतो, आणि तोही रोज वीस ग्रॅमने, हे मला सोसवत नाही. म्हणून रविवारी ओततो. तुझ्या भावजयीला तसं सांगितलं, तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, ‘ओतायची तर तुम्ही ओता, मी हात लावणार नाही.’ म्हणजे तीही घाबरली आहे. उलट टपाली कळव. दाढेची काळजी घे, गार काही पिऊ नकोस. (जिंजर बिअर पाठवण्याचा प्रश्नच नाही, टपालवाल्याला बायको-मुलं आहेत.)

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुझ्या भावजयीने वाचायला घेतलं. दाराला मारलेल्या सीलापर्यंत हसत होती, पुढे डोळ्यांना पदर लावून बसली. ताई, बरणीला भरवते ती तीच. मी दुपारी जेवून आडवा झालो की. आणि सील? दाराच्या बिजागऱ्या स्वयंपाकघराच्या बाजूला आहेत. त्यांच्या खिळी उपसल्या की दार कडी-तारेसकट दुसऱ्या अंगाने उघडतं. तीस वर्षं सीलं मारणाऱ्या माणसाने बिजागऱ्यांकडे एकदाही पाहिलं नाही, हे कृपा करून औषधवाल्याला कळू देऊ नकोस. रविवारी मागच्या बरणीतलं निम्मं ती गुपचूप माझ्याच पातेल्यात ओतायची, टाकवत नाही म्हणून. दुप्पट विरजणाने बाटल्या फुटणार नाहीत तर काय होईल? खाकरणं म्हणजे ओल्या फडक्याखालून सुटणारा वायू, असं तिचं म्हणणं.

आईने शेवटच्या आठवड्यात तिच्याकडून वचन घेतलं होतं. मागच्या बरणीला विसरू नकोस, आणि याला सांगू नकोस, याच्या पोटात काही राहत नाही. (ते एक असो.) ती बरणी जादाची नाही. ती जुनीच आहे, तुझ्यावर सोपवलेली. तू गेलीस त्याच संध्याकाळी आईने तळाचा थर खरवडला, कोमट पाण्यात कालवला आणि भरवायला लागली. अठराव्या दिवशी बुडबुडा आला. तेव्हापासून अकरा वर्षं तिने ती वेगळी सांभाळली, नव्याशी कधी मिसळू दिली नाही. तुझी भावजय एकदा तिला म्हणाली होती, अहो, मग ताईंना कळवा ना. त्यावर आई म्हणाली, ‘कुठल्या तोंडाने कळवू?’

राग नव्हता तो. मी वजन बरोबर केलं आणि माल चुकीचा ओळखला.

आणखी एक ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर वही पुन्हा चाळली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. ते तीन दिवस तुझी भावजय बहिणीकडे होती, बिजागऱ्यांना हात लावणारं घरात कोणी नव्हतं. वीस ग्रॅम, वीस ग्रॅम, वीस ग्रॅम. मी वही तिच्यापुढे धरली. तिने तिन्ही आकड्यांवर बोट ठेवून पाहिलं. मग उठून तिने कोठीतला दिवा लावला, भर दुपारी. आता आम्ही दोघंही कोठीत शिरताना चपला बाहेर काढतो आणि आत हळू बोलतो. भीती गेली असं म्हणणार नाही, पण घरातल्या मोठ्या माणसाची वाटावी तेवढीच उरली आहे.

शेवटचा ता. क. बरणी मी ओतत नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. उत्तरही पाठवू नकोस, तूच ये. रविवारी दुपारची बस साडेतीनला पोचते. मी स्टँडवर उभा असेन. सव्वाचारला मागच्या बरणीला तू भरवायचंस. तुझी भावजय आणि मी, आम्ही दोघांनी त्या दिवशी तिला हात लावायचा नाही असं ठरवलं आहे. आईलाही तसं बजावून ठेवलं आहे.