सर्व्हरवरचा लाल शाईचा कागद

मंगळवार, संध्याकाळ, नेरूळ

झालं. माझ्याच हातून झालं. चहा गार होऊ दे, आधी हे लिहिते.

तुर्भ्याच्या गोडाऊनमधल्या खोक्यांची लेबलं अजून त्या जुन्या व्हर्च्युअल मशीनवरूनच, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरवरूनच निघतात, तीही रडतखडत. त्याची मेमरी वाढवायला तीन दिवस सकाळी कमांड देत होते आणि तीन दिवस तीच एरर. काल आमचे सावंतसाहेब म्हणाले, "मॅडम, राहू द्या. बाहेरचा माणूस बोलावतो." लागलं मला ते.

आज एररला शिव्या घालायच्याऐवजी ती नीट वाचली. मशीन बंद नाही, नुसतं गोठवून ठेवलंय, म्हणून सेटिंग बदलत नाही. का गोठवलंय? तर सर्व्हरवर साहेबांनी लाल शाईत लिहून चिकटवलेला कागद: 'बंद करू नये'. एकदा बंद केल्यावर ते दोन दिवस उठलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही सगळे रोज निघताना ते बंद न करता आहे तसं गोठवतो. मीसुद्धा. इतकी वर्षं तो कागद वाचला, एरर मात्र वाचली नाही.

आज ते आधी जागं केलं आणि मग रीतसर बंद केलं. मग कमांड दिली, मेमरी दुप्पट केली आणि मशीन चालू केलं. लेबलं भराभर यायला लागली.

साहेब धावत आले. "कोणाला विचारून बंद केलंत?"

"कोणालाच नाही. लेबलं बघा."

त्यांनी दोन-तीन लेबलं उचलून बघितली. त्यांच्यासमोरच मी तो लाल शाईचा कागद सोलून काढला.

हे सगळं त्याच्याच कोऱ्या बाजूवर लिहिलंय. आता वहीत चिकटवते.