लंकेचं पाणी

शनिवार, ४ जानेवारी १९३६

सिलोनची सहल संपली, बाराही पोरं सुखरूप घरी पोचली. तरी ती बाटली डोक्यातून जात नाही.

सखारामच्या वडिलांनी, धोंडूभाऊंनी, लंकेच्या समुद्राचं पाणी मागितलं होतं. पोरानं कोलंबोपासून बाटली मांडीवर जपली आणि पुण्यात गाडी बदलताना ती फुटली. त्याचं तोंड बघवेना. मग मीच दुसऱ्या बाटलीत नळाचं पाणी भरलं, डब्यातलं मीठ घातलं. मास्तरानं असं करावं का?

वराळ्यात भाऊंनी एक घोट घेतला, डोळे मिटले. "लय लांब गेलतं माजं पोरगं," म्हणाले आणि बाटली देव्हाऱ्यात ठेवली.

सखाराम मला पोचवायला वेशीपर्यंत आला. हळूच म्हणाला, "गुरुजी, मीठ जरा कमीच पडलं."