बाबांचा उजवा हात

३ मार्च, सकाळी सात
'निवेदन आणि दृष्टिकोन' या पेपरला तिसऱ्यांदा बसतेय. या वेळी लेखी परीक्षा नाही, एक कथा द्यायची, पंचवीस तारखेपर्यंत. नापास झाले तर कॉलेज संपलं आणि एक तारखेपासून बाबांच्या इस्त्रीच्या दुकानात उभं राहायचं, असं घरात ठरलंय. बाबांचं मनगट दुखतं. घरात शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे नापास होणारीही पहिलीच. पण या वेळी तयारी पक्की. रोज दोन तास.

४ मार्च
पाऊण तास. त्यातला बराचसा समास आखण्यात गेला. समास सरळ हवा.

६ मार्च
निर्णय झाला. वहीत लिहिलं: प्रथमपुरुष नको, तृतीयपुरुष घेते. आई अक्षरं लावून लावून वाचते, तिने नेमकं तेच वाचलं. जेवताना विचारलं, पहिल्यात काय खोट होती, आणि दुसऱ्याचं काय झालं. मी म्हटलं, अगं, हे व्याकरणातले पुरुष. ती म्हणाली, कुठलेही असोत, आधी घरी आणून दाखव. बाबांना हसून ठसका लागला. त्यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

९ मार्च
विषय: बाबा. सगळं त्यांच्याच नजरेतून. सोपं आहे. लहानपणापासून रोज संध्याकाळी दुकानात त्यांच्या टेबलासमोर बसून कपड्यांच्या घड्या घालते. माझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं?

१२ मार्च
एकच वाक्य झालं: 'तो दमला होता.' खोडलं. ते दमतात हे मला कुठे माहीत? दुसऱ्याच्या मनातलं ठोकून देणं म्हणजे खोटं बोलणं. म्हणून विचारलं, बाबा, दमलात का. ते म्हणाले, प्रोफेसर, तू विचारेपर्यंत नव्हतो.
नोंद घेतली. कथेत बसत नाही.

१७ मार्च
मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, मनात शिरायची घाई करू नकोस, आधी त्यांच्या जागी उभी राहून बघ. मी म्हटलं, मॅडम, ती जागा मला पाठ आहे.
टेबलामागे तशी कधी गेलेले नाही, तिथे फार उकडतं. पण मग कल्पनाशक्ती कशासाठी असते?

२४ मार्च, दुपार
कथा पूर्ण. चार पानं. तो उजव्या हाताने इस्त्री फिरवतो, उजवं मनगट ठणकतं, तरी मुलीकडे बघून हसतो. शेवट वाचताना मलाच भरून आलं. पास नक्की.

२५ मार्च
कथा दिली. मग दुकानात बाबांना वाचून दाखवली. काम थांबवून ऐकली त्यांनी. म्हणाले, छान आहे गं, पण हा कोण? मी म्हटलं, तुम्ही. ते म्हणाले, मी डावखुरा आहे, बाळा.
बघितलं. इस्त्री डाव्या हातात. मनगटाचा पट्टाही डाव्याच हातावर. समोर बसलं की त्यांचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो. एवढंच झालं.
हे मॅडमना कळायचं काही कारण नाही.

२९ मार्च
नापास. मॅडमनी खाली लिहिलंय: 'या माणसाला घाम येत नाही, चटका बसत नाही. ही कथा समोर बसलेल्या मुलीची आहे.' घरी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, म्हणजे पहिला पुरुषच बरा होता.

१ एप्रिल, सकाळी साडेसात
टेबलामागे पहिला दिवस. वाईट वाटून घेतलेलं नाही. मॅडमनी सांगितलेला अभ्यासच आहे हा. काम करता करता रोज एक पान लिहायचं.

दुपार
लिहिलं नाही. इथे वायर डावीकडून येते. उजव्या हाताने इस्त्री ओढली की वायर शर्टावर आडवी पडते. दोन कॉलर करपल्या. बाबा समोर माझ्या जागेवर बसून घड्या घालतायत. त्यांनी विचारलं, दमलीस का.
नाही म्हटलं. त्यांना ते खरं वाटलं की नाही, इथून कळत नाही.