ईश्वरीच्या जागेवर

१० जून १९९६
गेले एकदाची! ईश्वरीच्या जागेवर मीच जाऊन बसले. पोरीनं सायकलवरून पडून पाय मोडून घेतला — दीड महिना प्लास्टर. माजलगावच्या कॉम्प्युटर क्लासची फी भरलेली, परत देत न्हाईत. हे म्हणाले, "वाया कावून घालवायची? तू जा. ती बसंल दुकानात." चेष्टेत म्हणाले. मी सकाळी खरंच एसटीत!

क्लासचे महांतेश सर माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "काकू, पालकांनी बाहेर बसायचं."
म्हणलं, "मीच शिकायला आलेय."

१३ जून
सर म्हणाले, "इनपुट म्हणजे मशीन तुम्हाला विचारतं. प्रिंट म्हणजे ते तुम्हाला दाखवतं." एवढंच? दोन ओळी लिहिल्या. रन लिहून एंटर दाबलं. पडद्यावर आलं — नाव काय? इंग्रजी अक्षरं, पण मराठीच! एकेक अक्षर हुडकत 'गंगासागर' लिहिलं. तर म्हणतंय, नमस्कार गंगासागर! आमच्या दिंद्रुड गावात मला नावानं कोण हाक मारतं? तोंडात आलंच होतं, "नमस्कार, बसा!"

१८ जून
आज वय विचारायचा प्रोग्रॅम. मी अक्षरात 'छत्तीस' लिहिलं. चिडलं की! 'रिडू फ्रॉम स्टार्ट' — म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. सर म्हणाले, "काकू, इथं आकडाच द्यायचा. अक्षरं हवी असतील तर प्रोग्रॅम लिहितानाच, उत्तर ज्या नावाखाली साठवायचं त्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावून ठेवायचं." मग आकड्यात अठ्ठावीस टाकलं. गुमान घेतलं! खोटं त्याला कळत न्हाई.

२ जुलै
वहीत बेरजेचा प्रोग्रॅम लिहिला. दोन आकडे विचारतो, बेरीज दाखवतो. पहिल्या झटक्यात चालला. सरांनी अख्ख्या क्लासला दाखवला. एसटीत एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

२४ जुलै
प्लास्टर काढलं. पोरगी चालायली, देवाची कृपा! जेवताना हे म्हणाले, "उद्यापासून ती जाईल क्लासला. तू दुकान बघ."
बरोबरच हाय. जागा तिचीच. तरी भांडी घासताना रडू आलं. पोरीचा पाय बरा झाला अन् आई रडतेय — लई वाईट मी.

२५ जुलै
ईश्वरी गेलीच न्हाई! सकाळीच दुकान उघडून गल्ल्यावर जाऊन बसली. "अप्पा, मला इथंच आवडायलंय. आईला जाऊ द्या."
हे माझ्याकडं वळून म्हणाले, "एसटी येईल आता. उभी कावून?"