मतदानाच्या वेळी हजर: सहा

सोमवार, २ सप्टेंबर

कलम सातवर अडीच तास! संपादकाला लेख परत पाठवायचा अधिकार आहे, की लेखकाला फक्त विनंती करायची — एवढ्यावरून. घसे कोरडे, खुर्च्या मोडक्या. ग्रंथालयामागच्या या खोलीत कॉलेज मोडक्या खुर्च्या ठेवतं, आणि आम्हाला. वकील उभा राहून बोलत होता. तो वकील नाही, आमच्यासारखाच तिसऱ्या वर्षाला आहे, पण 'मुद्दा असा आहे' म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाही.

प्राचार्यांचा निरोप स्पष्ट आहे. शुक्रवारपर्यंत लेखी नियम आणि पदाधिकाऱ्यांची यादी द्या, नाहीतर खोलीची किल्ली द्या. चार वर्षं हे मासिक एका तोंडी नियमावर निघालं — सगळ्या पक्षांना सारखं झोडायचं. आता म्हणे घटना हवी!

नऊ सदस्य, आठ पदं. जाहिरातप्रमुखसुद्धा आहे, आजवर एक जाहिरात आलेली नसताना. पद न मिळालेला एकटा सव्वापाच. त्याची शेवटची थेट बस साडेपाचला, म्हणून तो सव्वापाचला उठतोच — चर्चा चालू असो की भांडण. 'मला पद नको,' म्हणाला, 'कुणीतरी जनता पण हवी ना!'

मसुदा मी लिहायचा. का, तर माझं अक्षर चांगलं.

बुधवार, ४ सप्टेंबर

आईला मसुदा दाखवला. ती आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि पाण्याच्या टाकीवरून झालेली तीन युद्धं तिने वहीत नोंदवली आहेत. चष्मा लावून कलम बारावर बोट ठेवलं. 'किमान सहा सदस्य हजर — हजर कधी?'

'म्हणजे सभेला.'

'अगं, आमच्याकडे लोक सही ठोकतात आणि चहाला जातात. मग चार टाळकी ठराव करतात आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे माझ्या दारात. मतदानाच्या वेळी खोलीत हजर, असं लिही.'

लिहिलं. पदावरून कुणाला काढायचं तर तो सोडून किमान सहा जण मतदानाच्या वेळी खोलीत हजर हवेत. मतं समसमान पडली तर पद शाबूत. ही दोन वाक्यं लिहून मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

घटना मंजूर! शेवटच्या पाच कलमांना सगळ्यांनी न वाचताच हात वर केले, भुकेने. कर्णा बिनविरोध संपादक. मी चिटणीस.

दुसरं कोण होणार होतं! कर्णा म्हणजे लाउडस्पीकर — तो कानात काही सांगायला लागला तरी पलीकडच्या वर्गाला कळतं. प्रत्येक लेख तो मोठ्याने वाचून तपासतो. जीभ अडखळली की तिथे खूण. 'वाक्य चुकलंय किंवा लिहिणारा खोटं बोलतोय, दोन्हीपैकी एक.' माझा पहिला लेख त्याने कँटीनमध्ये टेबलावर चढून वाचला होता. मी लाजेने बाहेर पळाले होते. पण बाहेरही ऐकू येत होतंच. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला लिहिता येतं.

कलम नऊ मात्र त्याला आवडलं नाही. पदाधिकाऱ्याने पक्षाचं पद घेतलं तर मासिकातलं पद त्याच दिवशी आपोआप रिकामं. पक्षाच्या मंचावरून प्रचार केला तर काय करायचं ते सभा ठरवेल. 'पहिलं वाक्य बरोबर आहे,' म्हणाला, 'दुसऱ्यात भांडणाला जागा ठेवलीस.' हसण्यावारी नेलं मी.

मंगळवार, १० सप्टेंबर

फोटो! कर्णा मंचावर, हातात माईक, मागे पक्षाचा हा एवढा फलक. त्याची ताई वॉर्डाच्या निवडणुकीला उभी आहे, हे आम्हाला माहीत होतं. तो तिच्यासाठी मंचावर चढेल, हे माहीत नव्हतं. दुपारपर्यंत फोटो सगळ्या कॉलेजात. एकाने मला जिन्यात गाठून विचारलं, 'काय गं, तुमचं मासिक आता कुणाचं?'

तोंड लपवत घरी आले.

बुधवार, ११ सप्टेंबर

कर्णाशी बोलले. म्हणाला — दोन मिनिटं बोललो. ताईचा आवाज बसला होता, समोर तीनशे माणसं, तिला घाम फुटला. मी फक्त सांगितलं की ही माझी ताई आहे आणि आमच्या गल्लीतला दिवा हिने अर्ज करकरून लावून घेतला. पक्षाचं नावसुद्धा घेतलं नाही. 'तुझी बहीण असती तर तू खाली बसून कलम वाचत बसली असतीस?'

मला बहीण नाही. आणि खरं सांगायचं तर — हो, मी बसले असते. म्हणूनच राग आला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

सभा. एकीला ताप, एकाची परीक्षा. कर्णा नियमाप्रमाणे बाहेर पायरीवर बसला. आत सहा — वकील, दोघी जुळ्या, चित्रकार, सव्वापाच, मी. सहा सह्या घेतल्या. कर्णा नाही म्हणून अध्यक्षही मीच आणि इतिवृत्तही मीच.

वकील म्हणाला, उद्या दुसऱ्या पक्षावर टीका केली तर लोक हा फोटो नाकावर मारतील. यात खोटं काय आहे? चित्रकार चिडला — 'चार वर्षं ज्याने हे ओढलं त्याला दोन मिनिटांसाठी काढायचं?' दोघींनीही आपापलं म्हणणं मांडलं. मी डोकं खाली घालून सगळं लिहून घेत होते. मग हात वर. थोरली जुळी आणि वकील — काढा. धाकटी आणि चित्रकार — नको. दोन-दोन.

मग माझा हात. वर केला. काढा.

कर्णाला मीच बाहेर जाऊन सांगितलं. 'बरं,' एवढंच म्हणाला. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. नवी निवडणूक होईपर्यंत संपादकाचं काम चिटणिसाकडे, असं कलम दहा म्हणतं. म्हणजे माझ्याकडे.

पानाशी कशाला खोटं बोलू? मला ते हवं होतं. मत त्यासाठी दिलं नाही, तत्त्वासाठीच दिलं. पण हवं होतं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सकाळी इतिवृत्त पक्कं करायला बसले. हजर सहा. बाजूने तीन, विरोधात दोन. तीन आणि दोन पाच.

सहावा?

पुन्हा मोजलं. बोटांवर मोजलं, वेड्यासारखं. मग आठवलं — चित्रकार ओरडत असताना खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता, कुणाची तरी पिशवी माझ्या खांद्याला घासली होती. मी मान वर केली नव्हती. सव्वापाच! मतदान झालं तेव्हा साडेपाच वाजत आले होते. तो बसमध्ये.

खोलीत पाचच जण होतो. ठराव झालेलाच नाही! आणि ही अट घटनेत घातली कुणी? मी. एकट्या मलाच ती पाठ आहे. बाकीच्यांनी भुकेने हात वर केले होते.

दुपारी लिहिलं — हजर: सहा. सह्या सहा आहेतच, म्हणजे खोटं काहीच नाही. खाली सही केली.

शनिवार, १४ सप्टेंबर

अंकाचं काम. संपादकीय मी लिहितेय! चार ओळी झाल्या.

रविवार, १५ सप्टेंबर

त्या चारही खोडल्या.

सोमवार, १६ सप्टेंबर

कर्णा किल्ली द्यायला आला. सोबत पुढच्या तीन लेखांची बाडं, प्रत्येकावर त्याच्या खुणा, कुठे काय बदलायचं ते बारीक अक्षरात. कुठला लेखक रागावतो, त्याला आधी दोन शब्द चांगले सांग, हेही तोंडी सांगितलं. मी 'हो, हो' करत होते. काम संपलं तरी तो दारात थांबला. 'तुला काही सांगायचंय का?'

'नाही,' म्हटलं.

'तूपण मत दिलंस ना मला काढायला?'

'हो.'

'का?'

'तू त्यांचा वाटायला लागलास. लोकांना.'

'आणि तुला?'

मी बाडं नीट लावत बसले. तो गेला. कागदाच्या कडा आधीच सरळ होत्या, तरी मी त्या टेबलावर आपटत राहिले.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सव्वापाच कँटीनमध्ये भेटला. म्हणाला, 'काय गं, गुरुवारी शेवटी काय झालं? जनतेला कोणी विचारतच नाही.'

सांगितलं.

'अरेरे! मी असतो तर नको म्हटलं असतं. माणूस बहिणीसाठी गेला, त्यात काय एवढं?' मग माझ्या बशीतला अर्धा टोस्ट उचलून खाल्ला आणि बसच्या नव्या वेळांबद्दल बोलत राहिला.

तीन-तीन झाले असते. समसमान. पद शाबूत.

नियम मी मोडला, हे तरी कागदावरचं झालं. पण सव्वापाचचं मत पडलं असतं तर कर्णा गेलाच नसता! हा विचार दिवसभर मानेवर बसून आहे. संपादकीय पुन्हा लिहून मोठ्याने वाचून पाहिलं. दुसऱ्याच ओळीत जीभ अडखळली.

बुधवार, १८ सप्टेंबर

आईला विचारलं — समजा एखाद्या सोसायटीत, समजा एखाद्या सेक्रेटरीने, समजा चुकून...

'ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस,' आई म्हणाली. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. 'किती माणसं कमी होती?'

'एक.'

'आणि तुला कधी कळलं?'

मी भाजीतली एक काडी उचलून निवडायला लागले. तिने सुरी खाली ठेवली. वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, 'चूक कुणाकडूनही होते गं. माझ्याकडून टाकीच्या वेळी झाली होती, सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगून आले. पाय दुखले, बाकी काही झालं नाही. पण तू रोज न सांगता थांबतेस, त्याचा रोज वेगळा हिशोब होतो बाई.'

बाबा पेपराआडून म्हणाले, 'हिला आता दुसऱ्या सोसायटीची सेक्रेटरी करा.' कुणी हसलं नाही. मग मीच हसले आणि मग रडू आलं. उद्या सांगणार. नक्की.

गुरुवार, १९ सप्टेंबर

सांगितलं!

सभा बोलावली, कर्णा सोडून आठही जण आले. उभी राहून सगळं बोलले — पाचच होतो, मला शुक्रवारी कळलं, तरी मी सहा लिहिलं. वही टेबलावर ठेवून, ओळींवर बोट फिरवत इतिवृत्त वाचून दाखवलं. धाकटी जुळी 'शी!' म्हणाली, एवढंच. ते लागलं.

मला भीती वकिलाची होती. त्याने घटना मागितली, कलम बारा दोनदा वाचलं. 'मुद्दा असा आहे,' म्हणाला आणि थांबला. 'मुद्दा असा आहे की ठराव झालाच नाही. कर्णा संपादक होता, आहे. आणि घाई मीच केली होती, घड्याळ माझ्यासमोर होतं.' मग माझ्याकडे बघून, 'सांगितलंस हे बरं केलंस.' त्याच्याकडून असं ऐकेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सव्वापाच तर बस सोडून थांबला! सव्वापाच वाजले, वीस झाले, तो बसूनच. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा म्हणाला, 'चालत जाईन.'

इतिवृत्त दुरुस्त केलं. हजर: पाच. ठराव रद्द. माझा राजीनामा घ्या म्हटलं, तर चित्रकार म्हणाला, 'ते कर्णा ठरवेल, संपादक तो आहे.' बाडं बांधून ठेवलीत, किल्ली वर. कर्णा दोन दिवस कॉलेजला आला नाही म्हणे. उद्या घरी जाऊन देते. काय काय बोलेल ते बोलू दे, मोठ्याने बोलू दे, सगळी गल्ली ऐकू दे. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दार ताईने उघडलं. आवाज अजून बसलेलाच, पण चेहरा फुललेला. 'ये ये, पेढा घे आधी — युवक शाखेचा चिटणीस झालाय आमचा!' मागून कर्णा आला. मी दारातच सगळं सांगितलं, किल्ली पुढे केली. त्याने घेतली नाही. 'तुम्हीच म्हणालात मी त्यांचा आहे. जायला दुसरी जागा कुठे होती?' रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. नेमणुकीचं पत्र बघायला दिलं. कलम नऊ, पहिलं वाक्य — पद आपोआप रिकामं, मतदान लागतच नाही. तारीख मला उतरवून घ्यावी लागणार होती, इतिवृत्तासाठी. सोमवार, सोळा सप्टेंबर. संध्याकाळी सहा. किल्ली देऊन तो तिकडे गेला होता. पाचच होतो, हे मला आदल्या शुक्रवारपासून माहीत होतं.